पलीकडच्या खोलीतली चाल

गुरुवारच्या भजनात तिसऱ्या अभंगाला हैबतरावांच्या तोंडून जी चाल निघाली ती त्यांच्या वडलांची नव्हती. हातात टाळ होते, भैरूनं पखवाजावर थाप देऊन कान लावला होता, पेटीवर सूर धरून ठेवलेला होता, आणि नेहमीसारखे डोळे मिटून त्यांनी तोंड उघडलं. बत्तीस वर्षं त्या अभंगाला लागणारी चाल घशापर्यंत आली आणि तिला बाजूला सारून दुसरीच एक बाहेर पडली. पहिल्या ओळीला त्यांना वाटलं, चुकलं. दुसऱ्या ओळीला वाटलं, थांबावं. पण टाळकऱ्यांनी ओळ उचलली होती, आणि उचललेली ओळ मधेच टाकून देता येत नाही. चाल हळू सुरू होत होती, तीनदा एकाच जागी येऊन घोटाळत होती, आणि मग एकदम वर चढून तिथंच उभी राहत होती. तिथून पुढं काय ते त्यांना ठाऊक नव्हतं. त्यांनी पुन्हा पहिल्यापासून धरलं. पखवाज बदललेला त्यांना कळला. इतकी वर्षं झोपेत वाजवल्यासारखा वाजणारा भैरूचा हात जागा झाला होता. आणि चौथ्यांदा वर चढताना हैबतरावांच्या लक्षात आलं की ही चाल आपण कुठं ऐकली. चार नंबरच्या खोलीत. सिस्टरच्या त्या स्पीकरवर. येशूचं गाणं.

भजन संपून चहा फिरला तेव्हा भैरूनं शर्टाची बाही कोपरापर्यंत वर केली. "ह्यो बगा काटा, नाना. अजून बसला न्हाई. कवा बसवली ही?" पेटीवाला म्हणाला, "थोरल्यांची न्हाई ही." "न्हाईच," भैरू म्हणाला, "थोरल्यांची अशी वर जात न्हाई. ही नानांची सोताची हाय." सगळ्यांनी हैबतरावांकडं पाहिलं. खरं सांगायला वेळ होता, चहाचा कप ओठापर्यंत न्यायला लागतो तेवढा. "बसली आपसूक," ते म्हणाले आणि चहा प्याले. "मेळ्याला हीच धरायची," भैरू म्हणाला. "मालेकर दर साली नवी चाल घेऊन येत्यात आन आपल्याकडं बगून हसत्यात. यंदा ऐका म्हणावं." देवाच्या उत्सवात शेवटच्या दिवशी दुपारी हा मेळा भरे, माले आणि आसपासच्या गावांची मंडळं घोटावड्यात येत आणि प्रत्येकाला अर्धा तास मिळे. उत्सवाला महिना होता.

घरी जाताना ते हळू चालले. आवाज बापाचा, चाली बापाच्या, असं त्यांच्याबद्दल लोक म्हणत आणि कौतुक म्हणून म्हणत. भजन रंगलं की एखादा म्हातारा जवळ येऊन त्यांचा हात धरायचा आणि म्हणायचा, थोरले दिसले आज. अठ्ठावन्न वर्षांच्या आयुष्यात, आपण गायलो की दुसराच कुणीतरी दिसतो, हे त्यांनी इतक्या वेळा ऐकलं होतं की त्यावर मान डोलवायची त्यांना सवय झाली होती. चौदा वर्षांचे असताना त्यांनी एका अभंगाला सिनेमातल्या गाण्याची चाल लावली होती. चाल बसली होती, चांगली बसली होती, आजही त्यांना तसंच वाटतं. वडलांनी पखवाज थांबवला, कानाला धरून देवळाच्या टाकीपाशी नेलं आणि सगळ्या मंडळासमोर सात वेळा चूळ भरायला लावली. सातव्या चुळीला पाणी नाकात गेलं, आणि ते कसं झोंबलं होतं हे त्यांना वडलांच्या मरणापेक्षा स्पष्ट आठवतं. त्यानंतर त्यांनी कुठल्याच अभंगाला काही लावून पाहिलं नाही. वडील गेले, त्यांच्या चाली राहिल्या, आणि हैबतरावांनी त्या जशाच्या तशा सांभाळल्या. माणूस सांभाळतो ते सगळं मायेनंच सांभाळतो असं नाही.

आणि आता हे. तेही कुठून, तर भाडेकरणीच्या खोलीतून. कारखान्यांची कामं वाढल्यावर त्यांनी खळ्याच्या जागेवर सहा खोल्या काढल्या होत्या. पाचांत बाहेरच्या मुलुखातले कामगार, आणि चार नंबरला ही साधना. राहुरीकडची, नवरा वारलेला, मुलगी तिकडं आजीपाशी शिकायला. पौडच्या बाजूला एका खासगी दवाखान्यात नर्स. भाडं वेळेवर, दारासमोर झाडलेलं, नळावर भांडण नाही. तिच्यात खोट सापडत नव्हती आणि हैबतरावांनी तेही मनात धरून ठेवलं होतं. चार नंबरची भिंत एकेरी विटेची, आणि तिच्या अलीकडं हैबतराव निजायचे. सकाळी सहाला तिचा स्पीकर सुरू व्हायचा, कोल्ड्रिंकच्या डब्याएवढा, निळा. एक पोरगा गिटारीवर कुजबुजायला लागायचा, जणू देव शेजारच्या उशीवर निजलाय आणि त्याची झोप मोडायची नाही. मग ड्रम यायचा. मग शंभर माणसं एकदम ओरडायची आणि शेवटची ओळ पाच-सहा वेळा म्हणायची, ऐकणाऱ्याला एकदा सांगून कळत नाही अशी. आणि शब्द कुठले? कृपा, शरण, चरण, सावली. सगळे आपलेच. आपल्या वावरातून कुणी नवी पायवाट पाडावी तसे हे लोक आपल्या शब्दांतून बिनदिक्कत जातात, आणि त्यात पोळपाटावर पोळ्या लाटण्याचा आवाज, कुकरची शिट्टी, आणि गाण्याच्या बरोबरीनं म्हणणारा तिचा स्वतःचा जाडसर गळा. वर्षभर त्यांनी हे उशी कानावर घेऊन ऐकलं होतं. उशी कानावर घेतली म्हणजे आत काही जात नाही, असं त्यांना वाटलं होतं.

शुक्रवारी पहाटे त्यांनी उशी बाजूला ठेवली. उठून भिंतीला पाठ लावून बसले. पहिलं गाणं नव्हे, दुसरं नव्हे, तिसरं नव्हे. चौथं लागलं आणि त्यांच्या मानेवरचे केस उभे राहिले, रागानं की कशानं ते त्यांनी तपासलं नाही. तीच घोटाळणारी जागा, तीच चढण, आणि चढण पुरी होते न होते तोच रस्त्यावर दवाखान्याच्या गाडीचा हॉर्न वाजला, स्पीकर बंद झाला, कडी लागली. घड्याळात सहा चाळीस. शनिवारी तसंच. वर्षभर रोज ते गाणं त्याच जागी तुटत होतं, म्हणून त्यांच्या डोक्यातही ते तेवढंच शिरलं होतं. चढण होती, उतार नव्हता. आणि वर टांगून ठेवलेली चाल मेळ्यात चालत नाही. मालेकर लगेच ओळखतील की ह्याला पुढचं येत नाही. रंभाबाई चहा घेऊन आल्या आणि नवऱ्याकडं पाहत उभ्या राहिल्या. "भिंतीला कान लावून काय बसलाय सकाळ सकाळ?" "पाठ धरलीय," ते म्हणाले. "सिस्टरला ईचारा, मलम देईल," रंभाबाई म्हणाल्या. त्या दर बुधवारी चार नंबरला जाऊन बोटाला टोचून साखर बघून घेत.

विचारायचंच, असं ठरवून ते रविवारी संध्याकाळी तिच्या दाराशी गेले. रविवारी तिच्याकडं दवाखान्यातल्या दोघी जेवायला येत, त्या नुकत्याच गेल्या होत्या. खोलीत मटणाच्या रश्शाचा वास होता. गाण्याचं नाव विचारायचं, पुढचं जरा ऐकायचं, कारण कशाला सांगायचं. वाक्य तयार होतं. "या नाना, बसा," साधना म्हणाली आणि खुर्चीवरचे कपडे उचलले. ते बसले नाहीत. "तुमचं ते सकाळचं," त्यांनी सुरुवात केली, आणि ती हसली. "गुरुवारी ऐकलं मी भोंग्यावर. ड्युटीवरून येत होते, फाट्यावरच उभी राहिले. म्हटलं, अगोबाई, हे तर आपलं." हसण्यात काही वाकडं नव्हतं. हैबतरावांनी नीट पाहिलं, शोधून पाहिलं, आणि सापडलं नाही म्हणून त्यांना जास्त लागलं. "छान उचललंत. फक्त वर नेऊन सोडता तुम्ही. तिथून ते खाली येतं, नाना. यायलाच पाहिजे, नाहीतर माणूस लटकून राहतं."

आपलं, ती म्हणाली होती. हे आपलं. बुधवारी रंभाच्या बोटाला सुई टोचताना ती हेच म्हणेल, काही मनात न ठेवता म्हणेल, मामी, नानांनी आमचं गाणं काय सुंदर बसवलं. रंभाकडून नळावर, नळावरून भैरूच्या घरात. कोपरापर्यंत वर गेलेली ती बाही त्यांच्या डोळ्यांसमोर आली, आणि नाकात पाणी गेल्यासारखं झोंबलं. "मी त्ये ईचारायला न्हाई आलो," ते म्हणाले. "खोली मोकळी करायची. म्हैनाअखेर."

साधनाच्या हातातले कपडे हातातच राहिले. "का? काही चुकलं का माझं?"

"रविवारच्या बाया येत्यात तुमच्याकडं. प्रार्थना भरवता. गावात बोलत्यात."

"कोण बोलतंय?"

"गाव बोलतंय."

"नाना, दोघी येतात हो. जेवतो आम्ही. जेवल्यावर गाणी लावतो, तर एकीला गाणी आवडतच नाहीत, ती भांडी घासत बसते. कुणाला तरी विचारा."

"आमाला गावात राहायचं हाय," हैबतराव म्हणाले आणि वळले. गावात कुणीही काही बोललेलं नव्हतं, हे त्यांच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. म्हणून पारापाशी भैरू भेटला तेव्हा त्यांनी त्याला ते सांगितलं, फार नाही, दोन वाक्यांत. मंगळवारी दूध डेअरीवर तीच गोष्ट त्यांच्याकडं परत आली. दोघींच्या दहा झाल्या होत्या आणि मंतरलेल्या तेलाची बाटली मधे आली होती. त्यांनी दुरुस्त केलं नाही. खोटं नव्हतं असं आता म्हणता येणार होतं, गाव खरोखरच बोलत होतं. बुधवारी रंभाबाई चार नंबरला गेल्या आणि तशाच परत आल्या. "दार लावून घेतलं तिनं माझ्यावर. काय केलं हो तिनं तुमचं?" "तुला न्हाई कळायचं." "मला लई कळतं. भिंतीला कान लावून बसायचात ते बी कळतंय. बाईमाणूस एकलं ऱ्हातंय, तितं ह्यांची पाठ धरतीया. मी तोंड उघडत न्हाई म्हणून." हैबतरावांनी तो आरोप खोडला नाही. खऱ्यापेक्षा तो त्यांना सोसवणारा होता.

महिनाअखेरची वाट न पाहता ती आठव्या दिवशी गेली. टेम्पोत एक पलंग, एक गॅस, दोन पेट्या. बावधनला खोली मिळाली होती, असं रंभाबाईंनी भिंतीकडं तोंड करून सांगितलं. दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला हैबतराव आपोआप जागे झाले. सहा चाळीसपर्यंत ते पडून राहिले. शांतता हवी होती ती मिळाली होती, आणि ती शांतता एखाद्या माणसानं रोखून पाहावं तशी भिंतीतून त्यांच्याकडं पाहत होती. गुरुवारी भैरूनं विचारलं, "पुढचं बसलं का, नाना?" त्यांनी वडलांच्या एका जुन्या चालीचा उतार कापून तिथं लावला होता. मंडळानं म्हणून पाहिलं. भैरूनं पखवाजावर तळवा आडवा ठेवला. "हितं जोड दिसतोय," तो म्हणाला. "फुडचं थोरल्यांचं हाय. वरचं तुमचं हाय. तुमचंच येऊ द्या की सगळं." बाकीच्यांनी माना हलवल्या. तुमचंच. बत्तीस वर्षांत मंडळातल्या कुणी त्यांच्याकडं त्यांचं स्वतःचं काही मागितलं नव्हतं.

मग ते गाडी घेऊन मालेच्या अलीकडं रस्ता चढतो तिथं जाऊन थांबायला लागले. काचा बंद. कुणी विचारलं तर कंपनीच्या जागेचं बघायला आलो म्हणायचं. पहिल्या दिवशी त्यांनी फोन तोंडाशी धरला आणि आजूबाजूला फक्त करवंदीच्या जाळ्या असूनही आवाज खाली आणून म्हटलं, "येशूची गाणी." फोननं एका क्षणात इतकी काढली की बोट कुठं ठेवावं ते त्यांना कळेना. ऐकायलाच हवीत अशी पन्नास नवी ख्रिस्ती गाणी. सकाळच्या वेळेची आवडती गाणी. एकटेपणासाठी. झोपेसाठी. आजारी माणसासाठी. आमच्याकडं असं काही नाही, त्यांच्या मनात आलं, आमच्याकडं वेळ ठरलेली, देव ठरलेला, ज्याला जमेल त्यानं यावं. इथं देवच माणसाच्या घरी जातो, तापाच्या गोळीसारखा, सकाळ-संध्याकाळ. त्यांनी एकापाठोपाठ एक लावली. पहिल्या दिवशी सगळी सारखीच वाटली आणि सगळ्यांचा सारखाच राग आला. दुसऱ्या दिवशी राग वाटून द्यायला लागले. हा कुजबुज्या पोरगा सुरात आहे पण श्वास चोरतो. ही बाई दम लावते आणि मग रडते, रडून सूर सोडते. ह्या चौघांचा ठेका सरळ, मेल्यासारखा सरळ, भैरू ऐकेल तर हसेल. चौथ्या दिवशी पुढचं गाणं कुणाचं हे पहिल्या सुराला ओळखता यायला लागलं, आणि हे ओळखता येणं त्यांना इतकं किळसवाणं वाटलं की काच उघडून ते बाहेर थुंकले. फोन मात्र खूश होता. तो आता न विचारता, तुमच्यासाठी म्हणून, नवीन काढून देत होता.

सापडलं ते सहाव्या दिवशी. शब्द तेच. किनाऱ्यापाशी मला सोडू नकोस, असं काहीतरी. तिच्या भिंतीतून येत तेच. हैबतरावांनी आवाज वाढवला आणि दोन्ही हातांनी स्टिअरिंग धरलं. पोरगा कुजबुजला, ड्रम आला. घोटाळणारी जागा आली नाही. पोरगा तिथून सरळ पुढं गेला. चढण आली तीही सपाट, दोन पायऱ्यांची, आणि मग माणसं ओरडली. त्यांनी पुन्हा लावलं. पाच वेळा लावलं. शब्द तेच, गिटार तीच, ज्या जागी हॉर्न वाजायचा ती जागाही तीच. फक्त चाल नव्हती. खूप वेळ ते समोर उतारावर वाळत घातलेल्या गवताकडं पाहत राहिले, आणि मग वर्षभराच्या सगळ्या सकाळी त्यांच्या कानात उलट फिरल्या: स्पीकरचा आवाज बारीक, पोळपाटाचा ठेका, आणि त्या दोहोंवर तिचा गळा, स्पीकरमधल्या पोराला मागं टाकून आपल्याच वाटेनं जाणारा. त्यांनी स्पीकरचं काही उचललंच नव्हतं. उचललं होतं ते तिचं होतं.

नंबर रंभाबाईंच्या फोनमध्ये होता. दुपारच्या वेळी त्या वामकुक्षीला पडल्या तेव्हा त्यांनी तो उतरवून घेतला आणि मागच्या पडवीत जाऊन लावला.

"कोण?" साधना म्हणाली. मागं दवाखान्यातली घंटी वाजत होती.

"मी. हैबतराव. घोटावड्याचा."

"बरं हाय ना?" त्यांनी विचारलं. "मामींना काय झालं का?" ती म्हणाली. "न्हाई, ती बरी हाय. त्ये गाणं. सकाळी चार नंबरला लावायचा त्ये. तुमी जसं म्हणायचा, तसं गाण्यात न्हाई."

"नाही," ती म्हणाली. "गाण्यात नाहीच ते. माझे वडील म्हणायचे तसं. ते टाळ घेऊन वाड्यावस्त्यांवर भजनं करायचे, आमची, येशूची. एकतारीवर. कुठल्याही गाण्याला ते स्वतःचं वळण द्यायचे. ते माझ्या गळ्यात राहिलं, मला कळतही नाही देताना." मग तिचा आवाज बदलला. "तुम्ही ते शोधत बसलात, नाना?"

"मेळा हाय रविवारी," हैबतराव म्हणाले. आपल्या आवाजातली अजिजी त्यांना ऐकू आली आणि स्वतःच्या तोंडात मारावंसं वाटलं. "वर जाऊन आडलोय. खाली कसं येतं तेवढं सांगा. फोनवर सांगा, मी धरतो."

"दवाखान्यात मला विचारतात," साधना म्हणाली, "खोलीत माणसं बाटवत होतीस म्हणून काढलं का गं तुला. ड्युटीवर पेशंटचे नातेवाईक विचारतात. त्या दोघी आता माझ्याबरोबर डबा खात नाहीत, घरचे ओरडतात म्हणे. तुम्ही हे गावाचं म्हणून सांगितलंत. कुणी बोललं होतं का, नाना? खरं सांगा. मग मी सांगते खाली कसं येतं."

पडवीत मांजर अंग चाटत होतं. रस्त्यानं एक कंटेनर गेला, त्याचा आवाज संपेपर्यंत त्यांना वेळ मिळाला. एक शब्द होता, त्याच्यापलीकडं उतार होता. "गाव बोलत हुतं," हैबतराव म्हणाले.

"मग गावालाच विचारा," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

रविवारी मालेकरांनी नवी चाल आणली होती आणि ती बरी होती. घोटावड्याची पाळी शेवटची आली. मांडवात माणूस मावत नव्हतं. भैरूनं समोर बसलेल्या मालेच्या पखवाजवाल्याकडं पाहून मिशीवरून हात फिरवला, आणि हैबतरावांनी डोळे मिटून धरलं. घोटाळणारी जागा आली, चढण आली, वर गेल्यावर त्यांनी क्षणभर वाट पाहिली की घसा काही करतो का. घशानं काही केलं नाही. त्यांनी पुन्हा पहिल्यापासून घेतलं. टाळकऱ्यांनी उचललं. पुन्हा वर, पुन्हा पहिल्यापासून. मंडळाला वाटलं, नाना धृपदच रंगवतायत, अभंगात शिरायची घाई नाही. भैरूनं लय वाढवली. सातव्या-आठव्या वेळेला मांडवातली माणसंही म्हणायला लागली. वडलांचा जोड त्यांच्या जिभेवर आला आणि त्यांनी तो गिळला. मालेच्या पखवाजवाल्यानं मान खाली घातली. पुढच्या रांगेतला एक म्हातारा उठून उभा राहिला, हात वर करून डुलायला लागला, आणि कुणीतरी ओरडलं, "वा नाना, वा, तुमचंच हाय हे!" हैबतरावांच्या छातीत दुखायला लागलं होतं. थांबावं तर सगळ्यांना कळणार होतं. विसाव्यांदा चाल वर चढली, माणसं डोळे पुसत होती, भैरू घामानं निथळत हसत होता, आणि अर्धा तास संपायला अजून अकरा मिनिटं होती.